सोयाबीनची ॲलर्जी आणि मुंबईतलं रोजचं खाणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोयाचीच ॲलर्जी आहे हे कसं ठरवायचं?

सर्वांत जास्त उपयोगी पडते ती नीट सांगितलेली हकिगत. काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळात त्रास झाला आणि तो किती वेळ टिकला, हे लिहून काढा आणि शक्य असेल तर त्या पाकिटाचा फोटो काढून ठेवा. नेहमीच्या प्रकारच्या ॲलर्जीत त्रास काही मिनिटांत, फार तर दोन तासांत सुरू होतो: अंगावर गांधी उठणं, ओठ-डोळे सुजणं, घशात खाज, उलट्या, शिंका, धाप. दुसऱ्या दिवशी पोट गच्च झालं किंवा गॅस धरला, तर ती बहुधा ॲलर्जी नसते. कडधान्य नीट भिजलं-शिजलं नसेल तरी तसं होतं.

पुढची पायरी म्हणजे त्वचेवरची प्रिक टेस्ट (पदार्थाचा अर्क लावून सुईने हलकं टोचून बघतात) किंवा रक्तातली सोयाची आयजीई तपासणी. आयजीई म्हणजे ॲलर्जी घडवणारं प्रतिपिंड. प्रिक टेस्टआधी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर निकाल खोटा येतो. कोणती गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा. टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणजे ॲलर्जी आहेच असंही नाही. खाऊन काहीच होत नसताना पॉझिटिव्ह निघणारे पुष्कळ असतात. शंका उरली तर रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेसमोर थोडं-थोडं खाऊ घालून बघतात, आणि खरा निकाल तोच.

"एका थेंबात दोनशे पदार्थांची ॲलर्जी" अशी पॅकेजं मिळतात. त्यातली बरीचशी आयजीजी हे वेगळंच प्रतिपिंड मोजतात. आयजीजी एवढंच सांगतं की तो पदार्थ तुम्ही खाता. त्या यादीवरून घरातलं निम्मं जेवण बंद करू नका.

नक्की काय काय बंद करायचं?

उघड दिसणारे पदार्थ सोपे आहेत: सोयाबीन, सोया चंक्स आणि त्याचा चुरा, सोया चाप, सोया दूध, टोफू, सोया पीठ, सोया सॉस, मिसो, टेंपे, एडामामे, सोया प्रोटीनची पावडर. हे बंद करायला कुणाला अडचण येत नाही.

घोळ होतो तो न दिसणाऱ्या सोयात. मल्टिग्रेन आटा, विकतची थालीपिठाची भाजणी, नाचणी सत्त्व आणि बाळांची तयार मिक्सं, फ्रोझन कबाब-नगेट्स-सॉसेज, स्वस्तातला खिमा (त्यात सोयाचा चुरा मिसळलेला असू शकतो), ब्रेड, एनर्जी बार, तयार सूप आणि चायनीज चवीचं जवळजवळ सगळंच. 'हाय प्रोटीन' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं काहीही दिसलं, की आधी सोया शोधायचा. स्वस्तात प्रोटीन वाढवायचं तर उत्पादकाचा हात पहिला तिकडेच जातो.

सोयाबीन तेल चालतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रश्न. ॲलर्जी होते ती सोयाच्या प्रोटीनमुळे, तेलामुळे नाही. पूर्ण रिफाइंड केलेल्या तेलातून डिंक काढताना, आम्ल मारताना, रंग आणि वास काढताना जवळजवळ सगळं प्रोटीन निघून जातं. त्यामुळे सोयाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना रिफाइंड सोयाबीन तेल चालतं. घाण्याचं, नुसतं गाळलेलं किंवा कोल्ड प्रेस्ड सोयाबीन तेल मात्र चालत नाही, कारण त्यात प्रोटीन राहतं.

आमचं मत असं: घरात तेल निवडायचा अधिकार तुमचाच आहे, तेव्हा शेंगदाणा, सूर्यफूल किंवा राइस ब्रान वापरा आणि विषय संपवा. बाहेर कुणी रिफाइंड सोयाबीन तेलात तळलं असेल, तर नुसत्या तेलासाठी जीव टांगणीला लावू नका. त्या कढईत आधी काय तळलं, हा प्रश्न तेलाच्या जातीपेक्षा महत्त्वाचा आहे. पूर्वी कधी जिवावर बेतलेली रिॲक्शन आली असेल तर मात्र तेलाबद्दलही आपल्या डॉक्टरांचा सल्ला अंतिम.

गिरणीतून दळून आणलेलं पीठ सुरक्षित आहे का?

बहुतेक घरांना हा प्रश्न सुचतच नाही, म्हणून जरा सविस्तर.

पाच किलो गव्हात पाव-अर्धा किलो सोयाबीन घालून दळायचं, हा सल्ला गेली कित्येक वर्षं घरोघरी पोचलेला आहे. तुमच्या आधीचा डबा तसा असेल, तर त्याचं पीठ चक्कीच्या दोन दगडांमधल्या फटीत, खालच्या पन्हाळीत आणि तोंडाला बांधलेल्या कापडी नळीत चिकटून राहतं. नळी झटकली की तेच तुमच्या डब्यात पडतं. दळणाऱ्याची यात काही चूक नाही, चक्कीची रचनाच तशी आहे.

काय करता येतं? बऱ्याच गिरण्यांत गव्हाची, तांदळाची आणि डाळींची चक्की वेगळी असते. "गव्हाच्या चक्कीत सोयाबीन मिसळलेले गहू दळता का?" असं सरळ विचारा. "डाळी वेगळ्या दळतो" एवढ्या उत्तरावर थांबू नका, कारण मिसळलेले गहू गव्हाच्याच चक्कीत जातात. सकाळी गिरणी उघडल्यावर, चक्की आणि नळी झाडून घेतल्यानंतर पहिला नंबर लावा. आपलेच अर्धा-एक किलो गहू आधी दळून घ्या आणि ते पीठ बाजूला काढा. घरात ॲलर्जी नसलेलं कुणी वेगळं जेवत असेल तर त्यांच्यासाठी ठेवा, नाहीतर गोंद करायला वापरा. याने धोका कमी होतो, शून्य होत नाही. रिॲक्शन तीव्र असेल तर दोनच मार्ग: घरघंटी, किंवा घटकांत फक्त गहू लिहिलेलं आणि सोयाचा इशारा नसलेलं पाकीट. घरघंटी जुनी घेतली तर आधीच्या मालकाने तिच्यात काय दळलं ते विचारून घ्या.

निवडतानाही लक्ष असू द्या. सोयाबीनचा दाणा फिकट पिवळा, गोलसर, गुळगुळीत असतो आणि एका बाजूला तपकिरी किंवा काळपट डोळा असतो. आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात खरिपाला सोयाबीन आणि मागोमाग रब्बीला हरभरा किंवा गहू निघतो. तीच पोती, तीच मळणीयंत्रं. म्हणून हरभऱ्यात एखादा दाणा सापडला तर नवल नाही. ताटात पसरून निवडा. वाटाणा समजून सोडून देऊ नका.

धुळीचीही गंमत नाही. १९८० च्या दशकात स्पेनच्या बार्सिलोना शहरात अचानक दम्याच्या साथी येत. शोध घेतला तेव्हा कळलं, की बंदरात जहाजातून सोयाबीन उतरवतानाची टरफलांची धूळ शहरावर पसरत होती. कोठाराला फिल्टर बसवल्यावर साथी थांबल्या. ते लोक सोया खाऊन आजारी पडले नव्हते आणि गिरणीची तुलना जहाजाशी होत नाही. तरी दमा असलेल्या मुलाला दळणाच्या रांगेत उभं करू नये, एवढं खरं.

मसाल्याचं काय? लालबागच्या डंखांवर (मसाला कुटायच्या यंत्रांवर) मिरची-मसालाच कुटला जातो, तिथे सोयाची काळजी फारशी नाही. मसाला गिरणीतल्या डाळीच्या चक्कीत दळून आणत असाल तर वरचे सगळे नियम लागू.

मग तूर, मूग, मटकी, शेंगदाणेही बंद?

नाही. सोयाबीन त्याच कुळातलं आहे, त्यामुळे रक्ततपासणीत शेंगदाणा किंवा हरभराही पॉझिटिव्ह दिसू शकतो. प्रत्यक्षात सोयाची ॲलर्जी असलेल्या बहुतेकांना इतर डाळी-कडधान्यं काही करत नाहीत. आजवर बिनत्रास खात आलात ते खात राहा. एखाद्या डाळीने खरंच त्रास झाला असेल तर तेवढीच वेगळी तपासा. 'सगळं द्विदल बंद' असा फतवा काढला तर शाकाहारी घरात मुलाच्या ताटात उरतं काय?

पाकीट कसं वाचायचं?

एफएसएसएआय म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण. त्याच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार सोयाबीन हे जाहीर करावंच लागणाऱ्या ॲलर्जनपैकी, म्हणजे ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांपैकी, एक आहे. घटकांच्या यादीखाली इंग्रजीत 'कंटेन्स' म्हणजे 'यात आहे' असं ठळक लिहिलेलं असतं. 'मे कंटेन' म्हणजे मुद्दाम घातलेलं नाही, पण त्याच कारखान्यात वापरतात म्हणून अंश येऊ शकतो. आधी ही ओळ, मग पूर्ण यादी, हा क्रम ठेवा.

या नियमाला दोन पळवाटा आहेत. तेलाला ॲलर्जन म्हणून जाहीर करण्यातून सूट आहे, त्यामुळे यादीत सोयाबीन तेल असूनही खाली सोयाचा इशारा नसू शकतो. दुसरी म्हणजे सुटा माल. वाण्याकडच्या सुट्या पिठावर, बरणीतल्या बिस्किटांवर, फरसाणावर काहीच लिहिलेलं नसतं. हिरवा ठिपका शाकाहार सांगतो, सोयाबद्दल काहीही नाही.

शब्द कोणते शोधायचे: सोया, सोयाबीन, सोय प्रोटीन आयसोलेट किंवा कॉन्सन्ट्रेट, टेक्स्चर्ड व्हेजिटेबल प्रोटीन, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन. शेवटचं शेंगदाण्याचं किंवा मक्याचंही असतं, म्हणून कंसात कशाचं लिहिलंय ते बघा. इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारा घटक) ३२२ म्हणजे लेसिथिन. चॉकलेट, क्रीम बिस्किटं, केक यांत ते फार सापडतं. बरंचसं सोयापासून काढलेलं, काही सूर्यफुलाचं. आकडा दोघांचा तोच. त्यात प्रोटीन अगदी थोडं असतं आणि पुष्कळांना ते चालतं, पण सगळ्यांना नाही. तुम्हाला चालतं की नाही हे घरी चॉकलेट खाऊन ठरवू नका, ॲलर्जीच्या डॉक्टरांकडेच ठरवा. इमल्सिफायर ४७१ स्निग्ध पदार्थांपासून बनतं आणि ४१२ म्हणजे गवारीचा डिंक. त्यांना घाबरायचं कारण नाही.

नेहमीचंच पाकीटसुद्धा दर खरेदीला वाचा. कंपनी कृती बदलते तेव्हा वेष्टनाचा रंग बदलतेच असं नाही.

अजिनोमोटोमुळे सोयाची रिॲक्शन येते का?

नाही. ते मोनोसोडियम ग्लुटामेट आहे, आकडा ६२१, आणि त्यात सोयाचं प्रोटीन नसतं. चायनीज खाऊन त्रास झाला की दोष अजिनोमोटोवर जातो आणि शेजारची सोया सॉसची बाटली नामानिराळी राहते.

पाव, ब्रेड, खारी?

कारखान्यातल्या स्लाइस ब्रेडमध्ये सोयाचं पीठ बऱ्याचदा असतं. कच्च्या सोयापिठातलं एन्झाइम ब्रेडचा रंग पांढरा करतं आणि कणकेला ताकद देतं, म्हणून ते 'इम्प्रूव्हर'मधून घातलं जातं. पाकिटावर वाचता येतं, तेव्हा सुटका आहे. बेकरीतल्या लादी पावाचं तसं नाही. तिथे मालकालाच विचारायचं, आणि "सोया घालता का?" असं नाही, कारण तो प्रामाणिकपणे नाही म्हणेल. "इम्प्रूव्हर वापरता का, त्याचं पाकीट दाखवता का?" असं विचारा. खारी-बटर-नानखटाईत बहुधा वनस्पती किंवा मार्जरीन असतं. त्याच्या डब्यावरची यादीही तशीच बघून घ्या. एकच बेकरी पक्की करा आणि तिथूनच घ्या.

फरसाण आणि चिवडा?

दुकानातल्या थाळ्यांकडे पाहा. शेव, गाठी, पापडी आणि त्यांच्या मधोमध सोया स्टिक्स. एकच मोठा चमचा सगळ्या थाळ्यांतून फिरतो आणि बहुतेकदा एकाच कढईत, एकाच झाऱ्याने सगळं तळलेलं असतं. म्हणून सुटं फरसाण नकोच. मिसळ, भेळ, शेवपुरी बाहेर खाताना हाच हिशेब. मिसळीचा कट चालेल, वरचं मिक्स फरसाण नको. घरून साधी शेव डब्यातून नेणारे लोक आहेत आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

बाहेर खायचं तर कुठे, काय?

चायनीजच्या गाडीवर काहीच नाही. "सोया सॉस घालू नका" म्हटलं तरी कढई तीच, डाव तोच आणि ज्या पाण्याने ती कढई विसळली तेही तेच. मंचुरियनचे गोळे आधीच करून ठेवलेले असतात. चायनीज भेळ, फ्रँकी, मोमोची चटणी, शेजवान चटणी लावलेलं काहीही याच खात्यात.

डोशाच्या गाडीवर फसगत होते. उडीद-तांदळाच्या पिठात सोया नाही, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण मुंबईच्या तव्यावर आधीच्या गिऱ्हाइकाचा शेजवान डोसा किंवा चायनीज डोसा झालेला असतो, पाणी शिंपडून त्याच फडक्याने किंवा झाडूने तवा पुसतात आणि त्यावर तुमचा साधा डोसा पडतो. तवा वेगळा नसेल तर इडली घ्या. ती वाफेच्या भांड्यातून येते. चायनीज विभाग नसलेलं जुनं उडुपी हॉटेल यापेक्षा बरं.

वडापावात बेसन, बटाटा, लसूण. सोया असलाच तर पावात, किंवा त्याच कढईत सोयाचं काही तळत असतील तर तेलात. पावभाजीच्या तव्यावर काही ठिकाणी पुलावही परततात, त्यात सोया चंक्स असू शकतात. बघून घ्या. मालवणी खानावळीतली माशाची थाळी, भात, सोलकढी यांत सोया शिरायला जागा कमी. रवा लावून तळलेल्या माशाची कढई वेगळी आहे का तेवढं विचारा. कॉफीच्या दुकानात सोया दुधाचा जग आणि वाफेची नळी सामायिक असते, तेव्हा काळी कॉफी किंवा चहा.

दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेल-साखळ्यांना ॲलर्जनची माहिती देणं नियमाने बंधनकारक आहे. मागा. वेटरला सांगताना "ॲलर्जी आहे" एवढंच पुरत नाही, त्याला वाटतं तिखट चालत नसेल. "सोयाबीन, सोया सॉस, सोयावडी, यांतलं काहीही पोटात गेलं तर हॉस्पिटलात न्यावं लागतं" असं म्हटलं की आत जाऊन खरंच विचारून येतात.

सणावाराचं काय?

उकडीचे मोदक, पुरणपोळी, श्रीखंड, करंजी यांत मुळात सोया नाही. चॉकलेट मोदकात लेसिथिन असतं, प्रसाद म्हणून हातावर पडला तरी. चकलीची भाजणी घरी भाजून दळा. उपवासाचं साबुदाणा, वरी, राजगिरा, रताळं सोयाच्या दृष्टीने वर्षभर उत्तम, एकादशीची वाट बघायची गरज नाही.

शाकाहारी माणसाने प्रोटीन कुठून आणायचं?

कोरड्या सोया चंक्समध्ये १०० ग्रॅमला साधारण ५२ ग्रॅम प्रोटीन असतं हे खरं, पण एका वेळी कुणी १०० ग्रॅम खात नाही. ३० ग्रॅम चंक्सची भाजी म्हणजे १५-१६ ग्रॅम. तेवढंच प्रोटीन ३० ग्रॅम कच्च्या मुगाची उसळ (७ ग्रॅम) आणि पेलाभर दूध (८ ग्रॅम) यांतून येतं. १०० ग्रॅम पनीरमधून १८ ग्रॅमच्या आसपास, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यातून ७-८ ग्रॅम. अंडी चालत असतील तर दोन अंड्यांत १२ ग्रॅम. जिममध्ये पावडर घेणाऱ्यांनी व्हे (दुधाच्या निवळीचं प्रोटीन) घेतलं तरी यादी वाचावी, मिश्रणात सोय आयसोलेट असू शकतं.

बाळाला दुधाची ॲलर्जी आहे. सोयाचं दूध द्यावं का?

सहा महिन्यांच्या आत साधारणपणे नाही. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या काही बाळांना सोयाही चालत नाही. शिवाय एका प्रकारात लगेच गांधी उठत नाहीत: सोया किंवा दूध पोटात गेल्यावर एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होतात, बाळ पांढरंफटक आणि गळून गेल्यासारखं होतं. हे पोट बिघडलं म्हणून सोडून देतात. दुसऱ्यांदा असंच घडलं तर बालरोगतज्ज्ञांना नेमकी वेळ सांगा. अंगणवाडीतून मिळणाऱ्या किंवा विकतच्या तयार पोषण मिश्रणात सोया असू शकतो, घटक बघूनच भरवा.

शाळेच्या डब्याचं कसं करायचं?

मुलं डबा वाटून खाणारच, त्यावर ओरडून उपयोग नाही. वर्गशिक्षिकेला एका कागदावर चार ओळी द्या: काय चालत नाही, त्रास कसा दिसतो, औषध कुठे ठेवलंय, फोन कुणाला करायचा. वाढदिवसाला वाटल्या जाणाऱ्या चॉकलेटसाठी शाळेत मुलाच्या नावाचा, चालणाऱ्या खाऊचा एक डबा ठेवा.

चुकून खाल्लं तर?

फक्त थोड्या गांधी आणि खाज असेल तर डॉक्टरांनी दिलेली ॲलर्जीची गोळी किंवा सिरप द्या आणि पुढचे काही तास एकटं सोडू नका.

श्वास लागणं, घरघर, आवाज बसणं, जीभ किंवा घसा सुजणं, चक्कर, शुद्ध हरपणं यांतलं काहीही दिसलं तर ती ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी रिॲक्शन. गांधी आणि जोडीला उलट्यांवर उलट्या हेही तसंच. इथे गोळीने भागत नाही. औषध एकच: ॲड्रिनॅलिन, मांडीच्या मधल्या-बाहेरच्या भागात स्नायूमध्ये. मात्रा किलोला ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला ०.२ मिलिग्रॅम, मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५. तयार पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून डॉक्टर अनेकदा अँप्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज देतात. त्यांच्याकडून मात्रा लिहून घ्या, सिरिंजवर खूण करून घ्या आणि त्यांच्यासमोर एकदा सराव करा. अँप्युलवरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

इंजेक्शन दिल्यावर आडवं झोपवून पाय उंच ठेवा. श्वास लागत असेल तर बसतं ठेवा, पण उठवून चालवू नका. चाळीतून जिना उतरायचा असेल तर खुर्चीत बसवून न्या. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका रस्त्यात अडकणार असं दिसलं तर जवळच्या, आपत्कालीन विभाग असलेल्या रुग्णालयात टॅक्सीने. पाच ते पंधरा मिनिटांत फरक नसेल तर डॉक्टरांनी सांगितलेलं असल्यास दुसरा डोस. बरं वाटलं तरी रुग्णालयात थांबा, काही तासांनी त्रास उलटून येऊ शकतो.

ही ॲलर्जी जाते का?

लहान मुलांची बरीच जाते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहाव्या वर्षापर्यंत ४५ टक्के आणि दहाव्या वर्षापर्यंत ६९ टक्के मुलं त्यातून बाहेर पडलेली दिसली. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा तपासणी करा. 'आता गेली असेल' म्हणून घरीच मंचुरियन चाखवू नका. मोठेपणी सुरू झालेली सहसा जात नाही.

औषधांत सोया असतो का?

असतो. मऊ कवचाच्या कॅप्सूलमध्ये, विशेषतः जीवनसत्त्वांच्या आणि मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या, सोयाबीन तेल हा नेहमीचा घटक आहे. केमिस्टकडून आतलं माहितीपत्रक मागून घ्या. भूल देण्याच्या प्रोपोफोलमध्येही सोयाबीन तेल असतं. बहुतेक सोया-ॲलर्जीच्या रुग्णांना ते बिनधोक देता येतं, तरी शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना सांगा आणि ते फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून घ्या.